रिकाम्या पाटीचा मान

दांडेखारच्या माउलीच्या सणाला कधी आलात, तर मिरवणूक संपेपर्यंत जागा सोडू नका. पुढे क्रूस येतो, मग मेणबत्त्या, मग बँडवाले, मग भाताच्या ओल्या कणसांचे भारे, केळ्यांचे लोंगर, विड्याच्या पानांच्या कवळ्या, नारळ, भोपळे, एखादं पाय बांधलेलं, रागावलेलं कोंबडं. बाहेरगावचे लोक इथवर बघतात आणि सावलीकडे वळतात. खरी गंमत मागे असते. सगळ्यांच्या शेवटी दोन माणसं एक पाटी घेऊन येतात. साधी बांबूची पाटी, कोळणी मासळी भरून डोक्यावर घेतात तसली. एकाने एक कड धरलेली, दुसऱ्याने दुसरी. दोघं घामाने निथळत असतात. मधेच थांबतात, हात बदलतात, पुन्हा पाऊल उचलतात. पाहुणे टाचा उंचावून आत डोकावतात, आणि पाटीत काहीच नसतं.

लोक हसतात. हसू द्यावं. मागे एक आडदांड पाहुणा "आणा इकडे" म्हणत पुढे झाला होता. त्याने एकट्याने पाटी उचलून पाहिली. तो कंबरेला पट्टा बांधून गावी परतला, असं सांगतात, आणि त्याने पुढच्या वर्षी पट्ट्यासकट येऊन माउलीपुढे मेणबत्ती लावली, असंही सांगतात. पट्टा खरा असेल, मेणबत्तीचं आम्ही सांगू शकत नाही.

ही पाटी कोन्सूबायची.

कोन्सूबाय म्हणजे मासळी विकणारी एक विधवा, फार पूर्वी होऊन गेलेली. ती मुळातच एका जागी न बसणारी. जेवायला बसली तरी एक गुडघा उभा, पुढच्या कामाला उठण्याच्या तयारीत. तिला एकुलता एक मुलगा, पास्कू. तो जुजे तांडेलाच्या होडीवर गडी होता. त्याच होडीवर त्यांच्या शेजारचा इनासही जायचा. या इनासची बायको आगनेस, आणि कोन्सूचा अन् तिचा अबोला.

अबोल्याचं कारण बोंबील. बोंबील सुकवायला बांबू उभे-आडवे बांधून वलांडी करतात, ती आगनेसची वलांडी एका हंगामात वीतभर पुढे सरकली आणि बोंबलांचं पाणी कोन्सूच्या उंबऱ्यावर ठिबकू लागलं. त्यावरून दोघींनी एकमेकींच्या मेलेल्या सासऱ्यांपर्यंत मजल मारली. म्हणे त्या दिवशी ऐकणाऱ्यांनी घरातून पाट आणून बसायची सोय केली होती. त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. घरातल्या पुरुषांना मात्र एकाच होडीत जावं लागे, त्यामुळे ते गुपचूप बोलत आणि किनाऱ्याला लागताना तोंड मिटून घेत.

हंगाम सरत आला होता. जुजे तांडेलाची दाढ सुजली, म्हणून त्या दिवशी इनास आणि पास्कू दोघंच होडी घेऊन गेले. दुपारी आभाळ शाईसारखं झालं आणि वारा सुटला. तो वारा असा, की फादरांची टोपी उडाली ती शेजारच्या गावात एका म्हशीच्या शिंगावर अडकलेली सापडली. त्या म्हशीने पुढे दर शुक्रवारी उपास धरला असं तिथले लोक सांगतात, पण शेजारच्या गावावर किती विश्वास ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.

सगळ्या बायका वाळूवर धावल्या. उभं राहता येत नव्हतं, म्हणून त्या एकमेकींना धरून होत्या. कोन्सूनेही कुणाचा तरी दंड घट्ट धरला होता आणि तोंड त्या बाईच्या खांद्यात खुपसून ती काहीतरी बोलत होती. काय, ते वाऱ्याने तिच्या स्वतःच्या कानांनाही ऐकू दिलं नाही. मग एक लाट आली. नेहमीची लाट वाळूवर फुटते, ही फुटली नाही. ती होडी डोक्यावर घेऊन, मासळीची पाटी घेऊन एखादी बाई बाजाराला निघावी तशी सरळ चालत वर आली, वाळू ओलांडली, वाट ओलांडली, आणि माउलीच्या देवळाच्या कुंपणाच्या भिंतीवर होडी अलगद ठेवून मागे गेली. ती भिंत तिथे अजून दबलेली आहे.

होडीत पास्कू होता, आडव्या फळीला दोराने बांधलेला, जिवंत. इनास नव्हता. मला बांधलं ते इनासकाकांनीच, एवढंच पास्कू सांगे. त्याहून जास्त त्याने जन्मात कधी सांगितलं नाही.

कोन्सूने हातातला दंड सोडला तेव्हा तिला कळलं, तो आगनेसचा होता.

बायकांनी तिला गराडा घातला. असा चमत्कार फुकट होत नसतो हे दांडेखारात पोराटोरांनाही ठाऊक. नवस केवढा मोठा असेल, म्हणजे देवाच्या आईने होडी थेट दारात आणून ठेवली. काय बोललीस गे कोन्सू, म्हणून त्या विचारू लागल्या. कोन्सू पोराचं अंग चाचपत होती. "बोलले ना, बोलले," एवढं म्हणून ती त्याला घरी घेऊन गेली.

आणि मग तिला आठवेना.

तिने डोकं धरलं, डोळे मिटले, वाळूवर जाऊन त्याच जागी उभी राहिली. वारा आठवे, तोंडातली खारट चव आठवे, आपले ओठ हलत होते हेही आठवे. शब्द मात्र एकही नाही. इथे तिला पहिल्यांदा भीती वाटली. नवस बोलून न फेडणं ही काय गोष्ट असते, ते किनाऱ्यावरच्या बाईला सांगावं लागत नाही. जे दिलं ते परत जातं. पास्कू आत्ता चुलीपाशी बसून पेज पितोय, पण तो उसना आहे, असं तिच्या मनाने घेतलं.

पावसाळा लागला, होड्या वर ओढून झाकल्या, तोवर ठीक होतं. पण तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. घासलेली भांडी ती पुन्हा घासायची. तिच्या एका पातेल्याला घासून घासून भोक पडलं, म्हणे. विहिरीवर जायची जवळची वाट आगनेसच्या दारावरून होती, ती सोडून कोन्सू चिखलातून लांबचा वळसा घ्यायची. आता हे बोंबलांच्या भांडणापायी नव्हतं. काळं लुगडं नेसून दारात बसलेल्या बाईसमोरून, आपलं पोर जिवंत असताना, पाणी घेऊन जायचं तिच्याने होईना.

पाऊस ओसरला तसा जुजे तांडेल आला. सणाच्या दुसऱ्या दिवशी होडी पाण्यात घालतो, पास्कूला पाठव, म्हणाला. कोन्सूने सांगितलं, नवस फिटल्याशिवाय माझं पोर घोट्याएवढ्या पाण्यातही जाणार नाही. जुजे भला माणूस होता, तो म्हणाला, सणापर्यंत वाट बघतो, मग मला दुसरा गडी घ्यावा लागेल. बाय, होडी काही तुझ्या आठवणीवर चालत नाही.

पास्कू आईला उलटून बोलणारा नव्हता. तो दिवसभर जाळं शिवायचा, शिवलेलं उसवायचा आणि पुन्हा शिवायचा. दुसरं कोणतंच काम त्याला येत नव्हतं. जुजेच्या होडीवरची जागा गेली की बाजारात दुसऱ्याच्या पाट्या उचलणं आलं. एकदा मान वर न करता तो म्हणाला, "आये, मला जमिनीवर बुडवू नकोस."

तेव्हा कोन्सूने नवस फेडायला घेतला, ठाऊक नसलेला. आधी पास्कूच्या उंचीची मेणबत्ती दिली. पास्कू ताडमाड, त्यामुळे ती मेणबत्ती देवळात उभी राहीना, तिला आजारी माणसासारखी भिंतीला टेकवून ठेवावी लागली. कोन्सू घरी आली आणि छातीवर हात ठेवून बघत बसली. नवस फिटला की छाती हलकी होते. होईना. मग मेणाची होडी दिली. मग वाळूपासून देवळापर्यंत गुडघ्यांवर गेली. हलकं काही होईना, उलट आता गुडघेही दुखायला लागले.

मग गावाने मदत करायचं मनावर घेतलं. देवळाची किल्ली सांभाळणाऱ्या बस्त्यावला पक्कं आठवू लागलं, की कोन्सू घंटेच्या नव्या दोराबद्दल काहीतरी ओरडत होती. दिलाच तिने दोर. जुजेच्या बायकोला वाटत होतं, तांडेलाच्या घराला मटणाचं जेवण. माउलीच्या मूर्तीचा झगा शिवणाऱ्या शिंप्याला झगा ऐकू आला होता, तोही किनारीसकट. ज्याच्या घरात जे कमी, तेच नेमकं कोन्सू बोललेली निघायचं. ती सगळ्यांचं ऐकायची, सगळं करायची आणि घरी येऊन छातीवर हात ठेवायची.

शेवटी ती फादरांकडे गेली. फादर सरळ स्वभावाचे होते, म्हणून त्यांचं कुणी फारसं मनावर घेत नसे. त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, माणसाला नवसातून मोकळं करायचा अधिकार धर्माने आम्हाला दिला आहे, बाई, मी तुला मोकळं करतो. कोन्सूने विचार केला आणि म्हणाली, "कशातून, फादर? गाठ सोडवायला आधी दोर तर दिसायला हवा." फादरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. त्यांनाही दोर दिसला नाही.

सणाची सकाळ उजाडली. पहिली घंटा झाली आणि पास्कू माउलीच्या मूर्तीला खांदा द्यायला निघून गेला. जाताना आईकडे बघितलं नाही. कोन्सूने मग आपली मासळीची मोठी पाटी अंगणात मांडली आणि तिच्यात घरातलं सगळं घालायला सुरुवात केली. तांदूळ, नारळ, केळी, सुकट, नवं लुगडं, कानांतली फुलं, पास्कूची बाप्तिस्म्याची टोपी, नवऱ्याची जपमाळ, भोक पडलेलं पातेलंसुद्धा. इतक्यातलं काहीतरी एक तर खरं निघेल, असा तिचा हिशोब. पाटी शिगोशीग भरली आणि मग तिच्या ध्यानात आलं, की ती डोक्यावर चढवायला कुणी नाही.

भरली पाटी बाईला एकटीने डोक्यावर घेता येत नाही, दुसरीने कडेला हात लावावा लागतो. आणि किनाऱ्यावरचा रिवाज असा, की भांडण असो, अबोला असो, वाटेने जाणारीने पाटी दिसली की थांबायचं, हात लावायचा आणि मग हवं तर पुन्हा तोंड फिरवायचं. कोन्सूने वाटेकडे पाहिलं. अख्खं गाव देवळात पोचलं होतं. वाटेवर एकटी आगनेस येत होती.

आगनेस थांबली. काही न बोलता अंगणात आली, पदर खोचला, वाकून पाटीची कड धरली. दोघींनी जोर लावला. पाटी गुडघ्यापर्यंत आली आणि पुन्हा खाली बसली.

"एवढं काय भरलंस गे?" आगनेस म्हणाली. बोंबलांच्या भांडणानंतरचे तिचे हे पहिले शब्द.

"सगळं," कोन्सू म्हणाली. "आठवत नाही ना, म्हणून सगळंच."

"काय आठवत नाही?"

कोन्सूने पाटीची कड सोडली. या एका बाईपुढे नवसाचं नाव घ्यायचं तिने सगळा पावसाळा टाळलं होतं. "पास्कूसाठी बोलले तो नवस."

आगनेस तिच्याकडे बघत राहिली. मग पायरीवर बसली.

"तू कुठे काय बोललीस?"

"बोलले ना. तोंड हलत होतं माझं."

"हलत होतं. माझ्या कानाला लागून हलत होतं. आण गे बाय त्याला, आण गे बाय त्याला, एवढंच माउलीपाशी चाललं होतं तुझं. अमुक देईन, तमुक करीन, काही नव्हतं त्यात. तू नुसतं मागितलंस, कोन्सू." तिने लुगड्याच्या काठावरची माती झटकली. "बोलले ती मी."

देवळाकडून बँडवाल्यांचे सूर जुळवणं ऐकू येत होतं.

"काय बोलली होतीस?" कोन्सूने विचारलं.

"ते राहू दे माझ्यापाशी."

तुम्हाला वाटेल, इथे कोन्सूच्या छातीवरचा धोंडा उतरला. उतरला नाही, उलट हलला आणि जास्त टोचू लागला. नवस असता, तर तो कधी ना कधी फिटला असता. तो नव्हताच, म्हणजे पास्कू उसना नव्हता, विकत घेतलेला नव्हता, नुसता दिलेला होता. आणि शेजारच्या दारात, जिने काय काय बोलून ठेवलं होतं, तिला काही मिळालं नव्हतं. यात कोन्सूने काय करायचं, ते कुणी तिला शिकवलं नव्हतं. ती अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारू लागली.

"मग मी आता काय करू गे?" ती म्हणाली.

"मला काय विचारतेस? मी माझं विचारायलाच देवळात चालले आहे."

कोन्सू थांबली. मग पाटीपाशी बसून तिने एकेक वस्तू बाहेर काढायला सुरुवात केली. तांदूळ काढले, नारळ काढले, लुगडं, फुलं, टोपी, जपमाळ, सगळं काढलं. प्रत्येक वस्तू एकेक अंदाज होती आणि आता अंदाजाचं काम उरलं नव्हतं. पाटी उलटी करून झटकली, तांदळाचा शेवटचा दाणा पडला. ही रिकामी पाटी घेऊनच देवळात जायचं तिने ठरवलं. तिच्याजवळ जे होतं त्याचं माप हेच होतं. रिकाम्या पाटीला कशाला कुणाचा हात हवा, म्हणून ती एकटीच वाकली आणि तिने पाटी उचलायला घेतली.

पाटी हलली नाही.

तिने पाय रोवले, दम धरला, पुन्हा ओढली. जन्मभर मणामणाचं ओझं वाहिलेली बाई ती, पण बांबूच्या चार पट्ट्या तिला जमिनीवरून सुटेनात. भरली होती तेव्हा गुडघ्यापर्यंत तरी आली होती, असं आगनेस पुढे सगळ्यांना सांगायची. आगनेस उठली आणि तिने दुसरी कड धरली. तेव्हा पाटी उचलली गेली. जड होतीच, पण निघाली.

दोघी देवळात पोचल्या तेव्हा सगळ्यांची अर्पणं वेदीपुढे ठेवून झाली होती. घामाने भिजलेल्या दोन बायका रिकामी पाटी ओढत आणताहेत म्हटल्यावर मागच्या बाकांवर हसू फुटलं. कोन्सूचं डोकं शेवटी फिरलं, असं कुणीतरी म्हणालं. बस्त्याव लगबगीने पुढे आला. ही कसली थट्टा, म्हणत त्याने पाटी बाजूला सारायला एका हाताने ओढली, आणि पाटी जागची हलायच्या ऐवजी बस्त्यावच जमिनीवर बसला. म्हणे त्याचा तो खांदा पुढे कायम जरा खालीच राहिला, आणि घंटा वाजवायला ते सोयीचं पडलं.

हसू थांबलं. फादर वेदीवरून खाली उतरले. त्यांनी पाटीत पाहिलं, एका बाईकडे पाहिलं, मग दुसरीकडे. या वेळी त्यांना चष्मा पुसावा लागला नाही. त्यांनी स्वतःच्या हातांनी भाताचे भारे बाजूला केले आणि मधली जागा मोकळी करून दिली. पाटी पायरीवर टेकली तेव्हा होडीचा तळ वाळूला लागतो तसा आवाज झाला, असं जवळ बसलेले लोक सांगायचे. पास्कू मूर्तीच्या खांद्याशी उभा होता, त्याने तो आवाज ओळखला आणि मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी जुजेने होडी पाण्यात घातली. पास्कू आईच्या तोंडाकडे बघत घुटमळत होता. कोन्सूने त्याच्या हातात भाकरीचं फडकं दिलं आणि म्हणाली, "जा. मी काही बोललेली नाही." ते ऐकून जुजे गोंधळला. पास्कू गेला. माउलीने त्याला राखलंच पाहिजे असं आता कोन्सूच्या हातात काही नव्हतं. ती वाळूवर फेऱ्या मारत राहिली, आणि संध्याकाळी होडी दिसेपर्यंत तिचं एकच चाललं होतं, आण गे बाय त्याला. तिच्याबरोबर आगनेसही उभी होती. ती तिथे कशासाठी उभी राहते, हे तिला कुणी विचारलं नाही.

पास्कू म्हातारा होऊन आपल्या खाटेवर मेला, असं सांगतात. प्रत्येक खेपेची पहिली मासळी तो आगनेसच्या दारात ठेवून मग घरी यायचा. कोन्सूबाय अखेरपर्यंत एका जागी बसली नाही. आणि बोंबलांचं भांडण म्हणाल, तर ते पुढच्याच हंगामात पुन्हा सुरू झालं. फक्त आता दोघी ते समोरासमोर बसून, पान खात भांडायच्या. आगनेस काय बोलली होती, ते तिने कोन्सूलाही शेवटपर्यंत सांगितलं नाही. काहींचं म्हणणं, आगनेस त्या सकाळी खोटं बोलली, कोन्सूचा नवस तिने ऐकला होता आणि शेजारणीची दया येऊन तो गिळून टाकला. असेलही. पण मग पाटी का जड झाली, याचं उत्तर त्या लोकांपाशी नाही.

आजही माउलीच्या सणाला सगळ्यांच्या मागून ती पाटी निघते. धरणारी दोन माणसं कुणी नेमत नाही, ती आपणहून उठतात. एक अशा घरचं, ज्याने मागितलं आणि मिळालं. दुसरं अशा घरचं, ज्याने मागितलं आणि मिळालं नाही. कोण कुठलं ते गावात सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही. पाहुण्यांनी चेहरे बघून ओळखायचा प्रयत्न करावा, अजून कुणाला जमलेलं नाही. पाटी पायरीवर ठेवताना मात्र एक काळजी घ्यावी लागते. दोघांचे हात एकदम सुटले पाहिजेत. एकाने आधी सोडला, तर सगळं वजन दुसऱ्याच्या मनगटावर येतं. म्हणून सोडण्याआधी ती दोघं थांबतात आणि मान वर करून एकमेकांकडे बघतात.